मावशीच्या हातातला पासपोर्ट

परीक्षा संपल्या, की पूर्वी आपल्याकडे पोरांची वाटणी व्हायची. थोरली चार दिवस आत्याकडे, धाकटा आजोळी आणि मधेच कुणाचं लग्न निघालं तर दोघंही काकूच्या माहेरी. कुणाचं पोर कुणाच्या गाडीत बसलंय, हे कधी कधी गाडी सुटल्यावर कळायचं. एसटीतल्या कंडक्टरनं 'हे कुणाचं?' असं विचारलं, तरी त्याला हवं असायचं ते फक्त वय, अर्ध्या तिकिटासाठी. मूल घरचं आहे, एवढी ओळख सगळीकडे पुरायची.

आता मामाचं गाव न्यू जर्सीत असतं. आत्या दुबईत, काका सिंगापुरात आणि मावशी ऑफिसच्या कामासाठी, नाहीतर नुसती हौस म्हणून लंडनला निघालेली असते. 'निघालीच आहेस तर हिलाही ने की बरोबर, तेवढंच जग बघेल,' हे वाक्य आजही पूर्वीच्याच सहजपणे बोललं जातं. बोलणारी बहीण, ऐकणारीही बहीण. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं दोघींनाही वाटत नाही. पण आता मधे एक खिडकी आली आहे. इमिग्रेशनची. तिथे बसलेला माणूस तोच जुना प्रश्न विचारतो, 'हे मूल कुणाचं?' आणि तिथे 'घरचं' हे उत्तर चालत नाही.

मैत्रिणींनो, आज या प्रश्नाविषयीच थोडं बोलायचं आहे. कारण हा प्रश्न आपल्या बायकांना फार लागतो. ज्या पोरीला आपण न्हाऊ-माखू घातलं, तिच्यावरून एक परका माणूस आपल्याकडे संशयानं बघतो म्हणजे काय! मला मात्र वाटतं, की हा प्रश्न कुणीतरी विचारतंय याचं आपल्याला बरं वाटायला हवं. आणि त्याचं उत्तर घरातून निघण्याआधीच आपल्या पर्समध्ये तयार असायला हवं.

२०१८ च्या मे महिन्यात मी माझ्या भाचीला घेऊन लंडनला गेले होते. ती तेव्हा अकरा वर्षांची. ब्रिटनच्या व्हिसाची एक गोष्ट मला त्या वेळी कळली. अठरा वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाबरोबर जाणार असेल, तर तो माणूस कोण हे अर्जातच सांगावं लागतं. मुलाच्या व्हिसावर त्या माणसाचं नाव येतं आणि त्याच्याशिवाय मूल तिथे पोचलं, तर त्याला आत घेत नाहीत. म्हणजे ऐन वेळी 'मावशीला ताप आलाय, शेजारच्या काकू निघाल्याच आहेत, त्यांच्याबरोबर जा' हा आपला हुकमी उपाय तिथे बाद. मी आईवडिलांचं संमतिपत्र करायला घेतलं, तेव्हा घरात हसाहशी झाली. माझे मेव्हणे म्हणाले, ''ताई, माझी मुलगी सख्ख्या मावशीबरोबर जाणार आणि त्यासाठी मी नोटरीपुढे उभा राहू?'' धाकटी बहीण म्हणाली, ''तू काय तिला विकणार आहेस का गं?''

मी म्हटलं, ''मी नाही विकणार. पण विकणारीसुद्धा स्वतःला मावशीच म्हणवेल ना!''

मग दोघंही गप्प झाले आणि सह्या झाल्या.

सह्या झाल्या तरी पुढचा घोळ नावांचा. 'माय मरो पण मावशी जगो' ही आपली म्हण. पण कागदावर मायचं आणि मावशीचं नातं शोधून दाखवा बरं! भाचीच्या नावात तिच्या बाबांचं नाव आणि त्यांचं आडनाव. तिच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव आहे, पण ते सासरचं. माझ्या पासपोर्टवर माझ्या नवऱ्याचं नाव आणि माझ्या सासरचं आडनाव. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची पद्धत होती. तसं झालेलं असेल तर बघायलाच नको. आम्ही दोघी एका ताटात जेवून मोठ्या झालो, पण कागदांकडे पाहिलं तर तीन बायका, तीन आडनावं, तीन घरं. शेवटी आमच्या मदतीला आलं ते पासपोर्टचं शेवटचं पान, ज्याच्याकडे आपण कधी बघत नाही. तिथे आमच्या आईवडिलांची नावं छापलेली होती. माझ्या आणि बहिणीच्या दोघींच्या पासपोर्टवर तीच. त्या पानांच्या प्रती संमतिपत्राला जोडल्या, तेव्हा कुठे आम्ही बहिणी झालो!

हीथ्रोला खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी माझ्याकडे जेमतेम पाहिलं. त्यांनी भाचीशी बोलायला सुरुवात केली. नाव काय, शाळा कुठली, इथे किती दिवस, मम्मी-डॅडी कुठे आहेत, आणि या कोण? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. भाची म्हणाली, ''मावशी.'' त्यांना काही कळेना. मग ती म्हणाली, ''मम्मीज एल्डर सिस्टर.'' त्यांनी पत्र वाचलं, तारखा पाहिल्या, परतीचं तिकीट पाहिलं आणि शिक्का मारला. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. 

मला तिथे थांबवलं गेलं, याचं त्या क्षणी थोडं वाईट वाटलं खरं. पण विचार करा. मी बोलू लागले असते, तर त्यांना माझं म्हणणं कळलं असतं, मुलीचं नाही. मूल घाबरलेलं आहे का, पढवून आणल्यासारखं बोलतंय का, सोबतच्या बाईकडे बघून मग उत्तर देतंय का, हे त्यांना पाहायचं होतं. त्या चार मिनिटांत त्या मुलीच्या बाजूनं विचार करणारा तो एक परका माणूस होता.

आणखी एक गंमत सांगते. आपली मुलं इंग्रजीत बोलायला लागली, की मावशी, आत्या, काकू, मामी, शेजारीण, आईची मैत्रीण, ट्यूशनची बाई या सगळ्या 'आंटी' होतात. घरी ते खपतं. पण 'या कोण?' या प्रश्नावर मुलानं 'आंटी' असं सांगितलं, तर विचारणाऱ्याला काहीच कळत नाही. जे मूल ओळखीच्या-अनोळखीच्या साऱ्या बायकांना 'आंटी' म्हणतं, त्याच्या त्या शब्दावर कुणी का विसंबावं? म्हणून निघण्याआधी मुलाला नातं नीट उलगडून सांगायला शिकवा. आईची बहीण, बाबांची बहीण, मामाची बायको. त्या निमित्तानं पोरांना आपली नाती तरी कळतील!

हा संशय येतो कुठून, तेही पाहायला हवं. १९९० च्या दशकात आखाती देशांत उंटांच्या शर्यतींसाठी लहान मुलं नेली जात. हलकं ओझं असलं की उंट जोरात पळतो, म्हणून चार-पाच वर्षांची पोरं जॉकी म्हणून उंटाच्या पाठीवर बसवायची. बहुतेक मुलं पाकिस्तान, बांगलादेश, सुदान अशा देशांतल्या गरीब घरांतली. कितीतरी मुलांबरोबर 'आईवडील' म्हणून गेलेली माणसं त्यांची कुणीच नव्हती. त्या काळी मुलाचं नाव मोठ्या माणसाच्या पासपोर्टवरच चढवता यायचं, त्यामुळे हे सोपंही होतं. २००५ साली संयुक्त अरब अमिरातीनं अठरा वर्षांखालच्या जॉकींवर कायद्यानं बंदी घातली आणि युनिसेफच्या मदतीनं हजाराहून अधिक मुलं मायदेशी पाठवली गेली. आज तिथे उंटांवर यंत्रमानव बसतात. पण परत आलेल्या मुलांपैकी काहींना आपलं गाव आठवत नव्हतं, काहींना आपली भाषा. ती अगदी तान्ही असताना त्यांना कुणी सीमेपार नेलं होतं, आणि तेव्हा 'हे मूल कुणाचं?' हे कुणी धड विचारलंच नव्हतं.

आपल्याकडचंही एक उदाहरण आठवत असेल. एप्रिल २००७ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर गुजरातमधल्या दाहोदचे तेव्हाचे खासदार बाबूभाई कटारा यांना अटक झाली. एका बाईला आणि एका किशोरवयीन मुलाला स्वतःच्या पत्नीच्या आणि मुलाच्या पासपोर्टवर कॅनडाला नेत असल्याचा त्यांच्यावर आरोप होता. 'कबुतरबाजी' हा शब्द त्या दिवसांत घरोघरी पोचला. तिथेही संशय आला तो समोरचे चेहरे पासपोर्टशी जुळेनात म्हणून. सोबतचा माणूस किती प्रतिष्ठित आहे, यावर ती तपासणी अवलंबून राहिली असती तर विमान सुटलं असतं. हे वाचल्यावर 'आमच्यासारख्या चांगल्या घरच्या बायकांना काय विचारता?' असं म्हणायला जीभ रेटत नाही.

पण धोका फक्त टोळ्यांचा असतो असंही नाही. तो घरातूनही येतो, आणि तिथे आपण आज्या-मावश्या नकळत गुंततो. परदेशात लेकीचं आणि जावयाचं पटत नाहीसं होतं. फोनवर रडारड होते. मग एक दिवस लेक म्हणते, ''आई, तू परत निघाली आहेस ना? बाळाला घेऊन जा बरोबर. मी मागाहून येते.'' आईचं काळीज, ती लगेच हो म्हणते. बाळाच्या बापाला याची कल्पना आहे का, हे विचारायचं तिला सुचत नाही, किंवा सुचूनही विचारवत नाही. अमेरिकेत १९९३ पासून असा कायदा आहे, की दुसऱ्या पालकाचा हक्क डावलण्याच्या हेतूनं मुलाला देशाबाहेर नेणं हा गुन्हा ठरतो. नेणारी व्यक्ती आई असो, बाप असो, नाहीतर आजी. मुलांना असं एका देशातून दुसऱ्या देशात नेलं गेलं तर ती परत कशी द्यायची, यासाठी १९८० साली हेगला एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत अजून त्याचा सदस्य झालेला नाही. आपल्या विधि आयोगानं २००९ मध्ये त्यात सामील व्हावं अशी शिफारस केली आणि २०१६ मध्ये पुन्हा या विषयावर अहवाल दिला. दुसरी बाजूही आहे. सासरचा छळ सोसून मायदेशी पळून आलेल्या बाईला या करारामुळे मुलासकट परत पाठवलं जाईल, ही भीती खोटी नाही. हा वाद मोठा आहे आणि तो तज्ज्ञांनी लढवावा. पण आजीनं एवढं मात्र जरूर करावं. 'जावयाची सही आण, मग बाळाला नेते,' असं लेकीला सांगावं. लेकीचा जीव खरोखर धोक्यात असेल, तर आधी तिथल्या पोलिसांची, वकिलाची, आपल्या दूतावासाची मदत घ्यावी. बाळाला गुपचूप विमानात बसवणं ही मदत नव्हे. त्यानं लेकीचीच बाजू कोर्टात लंगडी होते.

आता थोडं कामाचं. तिथल्या मुलांना सुट्टीत इथे आणणाऱ्या आज्या तर आपल्या प्रत्येकीच्या ओळखीत एक-दोन सापडतील. आजीचा पासपोर्ट भारतीय, नातवाचा अमेरिकन. दोन्ही गडद निळे. रंग एक असला तरी देश दोन आहेत, हे विसरू नका. नातवाला भारतात यायला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागतं. वर आईवडील दोघांचं पत्र, तिथल्याच नोटरीपुढे केलेलं. अमेरिकेचं सीमाशुल्क खातं मुलाबरोबर दोन्ही पालक नसतील तर असं पत्र जवळ ठेवाच, असं आग्रहानं सांगतं. कॅनडाही तेच सांगतो. दक्षिण आफ्रिकेनं २०१५ च्या जूनपासून फारच कडक नियम केला होता. आईवडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला आणि संमतिपत्र नसेल तर विमानातच चढू देत नसत. पर्यटकांची इतकी गैरसोय झाली, की २०१९ मध्ये नियम सैल करावा लागला. फ्रान्सनं जानेवारी २०१७ पासून आपल्याकडे राहणाऱ्या मुलांसाठी उलट बाजूनं दार लावलं. मूल पालकांशिवाय देशाबाहेर जाणार असेल तर पालकाच्या सहीचा एक ठरावीक सरकारी फॉर्म लागतो. देशोदेशीचे नियम असे वेगवेगळे आहेत आणि ते बदलतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाची माहिती स्वतः वाचा. 'माझ्या जावेच्या बहिणीला तर कुणी काही विचारलं नव्हतं,' या माहितीवर विसंबून विमानतळावर जाऊ नका.

पत्रात काय हवं? मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक. नेणाऱ्या व्यक्तीचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि नातं. कुठल्या देशात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, राहायचा पत्ता. आईवडील दोघांचे फोन नंबर आणि दोघांच्या सह्या. पत्र इंग्रजीत असावं. बरोबर मुलाच्या जन्मदाखल्याची आणि आईवडिलांच्या पासपोर्टची प्रत. पालकांपैकी कुणी हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झालेला असेल तर मुलाचा ताबा कुणाकडे आहे त्या आदेशाची प्रत. आणि सगळ्यात महत्त्वाचं एक वाक्य, जे बहुतेक जणी विसरतात. 'गरज पडल्यास या मुलावर वैद्यकीय उपचार करून घेण्याचा अधिकार आम्ही हिला देत आहोत.' रात्री दोन वाजता परक्या देशात मुलाचं अपेंडिक्स दुखायला लागलं, तर डॉक्टर सही कुणाची मागतील? आणि मुलाचा पासपोर्ट मोठ्यांपेक्षा कमी मुदतीचा असतो, साधारण पाच वर्षांचा, हेही बघून ठेवा. तिसऱ्या वर्षी काढलेला फोटो आठव्या वर्षी ओळखू येत नाही, तो चेहरा आजीला ओळखू आला तरी!

हे सगळं झालं ज्यांना आईवडील आहेत त्यांचं. ज्यांना नाहीत त्यांचं काय? कोविडच्या दोन वर्षांत कितीतरी मुलं आजी-आजोबांकडे, काकूकडे, मावशीकडे आली. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी असाच दिराचा मुलगा सांभाळला आहे. अंत्यसंस्काराहून परतताना त्यांनी त्याचा हात धरला तो धरलाच. शाळेनं त्यांना पालक मानलं, सोसायटीनं मानलं. मुलाची बाहेरच्या देशातल्या एका स्पर्धेसाठी निवड झाली, तेव्हा पासपोर्टसाठी प्रश्न आला, की कायद्यानं पालक कोण? काकू म्हणाल्या, ''मी.'' त्यावर कोर्टाचा आदेश मागितला गेला. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून तो मिळतो, पण त्याला वेळ लागतो. स्पर्धा तोवर थांबत नाही. तो मुलगा त्या वर्षी जाऊ शकला नाही. काकूंच्या मायेत कुठे कमी नव्हती. 'आता हा आपलाच' असं म्हटल्यावर कागद करायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरात, शेजारात असं मूल वाढत असेल तर त्याच्या काकूला, आजीला हे आजच सांगा. पासपोर्टच कशाला, बँकेचं खातं, इस्टेट, ऑपरेशन, सगळीकडे हाच आदेश लागणार आहे.

आणि कधी कधी मूल पोटचं असूनही कागदावर आपलं नसतं, हे बायकांइतकं कुणाला ठाऊक? १९५६ च्या कायद्यानं हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रोखे घ्यायला आई म्हणून सही केली, तर ती चालेना. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की 'त्याच्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. बाप मुलाकडे लक्ष देत नसेल तर त्याच्या हयातीतही आई पालक असू शकते. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव पुरेल असा बदल झाला. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी आणि मग वडिलांचं, असं सरकारी कागदपत्रांत लिहायचं महाराष्ट्र सरकारनं ठरवलं. माहेरचं आडनाव ठेवणाऱ्या आईला स्वतःच्या लेकराबरोबर प्रवास करताना 'हे तुमचंच ना?' असं विचारलं जातं, तिचा त्रास यानं थोडा तरी कमी होईल. परित्यक्ता बाईला मात्र अजून सोपं नाही. नवरा कुठे आहे ते माहीत नाही, त्याची सही आणायची कुठून? अशा वेळी एकट्या पालकानं पासपोर्टसाठी वेगळं प्रतिज्ञापत्र द्यायची सोय आहे. ती आहे हेच कित्येकींना ठाऊक नसतं, आणि एजंट त्याचे पैसे करतात.

कागदांचं इतकं सांगितलं, पण खिडकी ओलांडल्यावर मूल आपल्या हातात असतं आणि तिथून पुढे कुठलाच कागद कामाला येत नाही. स्वतःच्या लेकराला आपण रागावतो, वेळेला एक धपाटाही घालतो. दुसऱ्याच्या लेकराला तसं करता येत नाही, आणि सगळं लाडानंही निभत नाही. म्हणून निघण्याआधी त्याच्या आईबरोबर निवांत बसून बोलून घ्यावं. पोहता येतं का, पाण्यात सोडायचं का, मोबाइल किती वेळ, बाहेरचं काय खायचं, औषध कुठलं चालत नाही. मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल तर आणखी एक. पहिली पाळी प्रवासातही येऊ शकते. तिच्या आईनं तिला आधी सांगितलं आहे का ते विचारून घ्यावं आणि पिशवीत तयारी ठेवावी. माझ्या भाचीला तसं काही झालं नाही, पण तिसऱ्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली. दिवसभर राजवाडा, बस, पूल बघून हरखलेली पोर रात्री म्हणाली, ''मावशी, आई आता काय करत असेल?'' भारतात तेव्हा पहाट होती. फोन लावावा की नाही, असा प्रश्न पडतो. मी लावला. बहीण झोपेतून उठली, दोघी पाच मिनिटं काहीबाही बोलल्या, पोर झोपली. मूल रडलं म्हणून आपण कमी पडलो असं मावशीनं समजू नये आणि आपली आठवण काढली म्हणून आईनंही हरखून जाऊ नये. मावशी कितीही जगली तरी मायची आठवण येणारच!

आणि मुलांना आईवडिलांचा एक तरी फोन नंबर तोंडपाठ करून द्या. आजकालच्या पोरांना सगळं येतं, नंबर येत नाही. सोबतचं माणूस गर्दीत चुकलं आणि मोबाइलची बॅटरी संपली, तर तेवढे दहा आकडे आणि पुढचा देशाचा ९१ हेच त्याच्याजवळ उरतात.

सरकारकडे एकच मागणं आहे. फ्रान्ससारखा एक साधा, ठरलेला नमुना आपल्याकडेही असावा. मराठीत आणि इंग्रजीत, पासपोर्ट सेवा केंद्रात फुकट मिळणारा. आज ज्याला जसं सुचेल तसं पत्र लिहिलं जातं, नोटरी शिक्का मारतो, आणि परक्या देशातला अधिकारी ते खरं की खोटं याचा अंदाज बांधत बसतो. नमुना एक असला तर खऱ्या मावशीची कटकट कमी होईल आणि खोट्या मावशीची वाढेल. दोन्ही हवंच आहे.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं आपण करू या. सुट्टीचे बेत आखताना बॅगा काढण्यापूर्वी जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांनी बसावं आणि त्या पत्रावर सह्या कराव्यात. कुणी म्हणेलच, 'आमच्यात कशाला हवेत असले कागद, आमचा एकमेकांवर विश्वास आहे.' त्यांना सांगा, विश्वास आपला आपल्यात आहे. पण मुलाला कुठल्याच कागदावर सही करता येत नाही. त्याच्या वतीनं सह्या आपणच करायच्या असतात. आणि जमलं तर ते पत्र मुलालाही वाचून दाखवा. आपण कुणाबरोबर जाणार, कधी परत येणार, आणि कुणाकुणाला विचारून जाणार, हे कळायचा पहिला हक्क त्याचाच आहे.